बांबूच्या अकरा सुऱ्या

ओटोने केळीचं एक जाडजूड खोड मैदानाच्या मधोमध आडवं टाकलं आणि त्यात एकेक करून वीस सुऱ्या उभ्या रोवल्या. नव्या कोऱ्या, पोलादी, काळ्या मुठींच्या. उन्हं नुकतीच डोंगरावरून खाली उतरत होती. ती पात्यांवर पडली तशी सगळी रांग लखलखली.

जे द्यायचं ते आधी मैदानावर मांडून दाखवायचं, ही मिरांकु लोकांची जुनी रीत. पहाटे मारलेली बत्तीस डुकरं ओळीने मांडली होती. केळीचे घड मांडले होते, रताळ्यांचे कमरेइतके ढीग लावले होते, उसाच्या मोळ्या रचल्या होत्या. मग सुऱ्याच का झाकून ठेवायच्या, असं ओटोला वाटलं. कुंडियावा शहरातल्या दुकानातून त्याने त्या स्वतः निवडून आणल्या होत्या.

त्याचा काका आग्लुआ एका बाजूला ओंडक्यावर बसला होता. त्याच्या मांडीवर सालीच्या दोरीने बांधलेला एक जुडगा होता. त्यात बांबूच्या अकरा सुऱ्या. चुलीवरच्या आढ्यात दोन वर्षं धूर खाऊन त्या तपकिरी झाल्या होत्या. एके काळी दरीतल्या कुठल्याही जेवणात डुक्कर फोडायला आग्लुआलाच बोलावणं यायचं. अलीकडे कोणी बोलावत नव्हतं. आजही नव्हतं बोलावलं. सवयीने जुडगा काखेत मारून तो आला होता, इतकंच.

"काका, दातकोरण्या आणल्यात वाटतं?" ओटो लांबूनच ओरडला. पोरं हसली.

"तुझ्या दातांत अडकेल तेव्हा मागायला ये," आग्लुआ म्हणाला.

"एक सुरी घेऊन बघा तरी. हात लावला की कापते."

"दिसतंय ते. हात लावू नको म्हणजे झालं."

बोलायचं म्हणून तो बोलला. सुऱ्या चांगल्या होत्या, हे मनातल्या मनात त्याला मान्य होतं. आणि खरं सांगायचं तर आज त्याचं लक्ष सुऱ्यांकडे नव्हतंच. ते होतं समोरच्या टेकडीकडे. त्या टेकडीवरून आज गोंदाकु लोक उतरणार होते, आणि त्यांच्यात त्याची मुलगी वेना असणार होती.

वेनाला गोंदाकुंकडे दिलं त्याला सहा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं ती दर आठवड्याला नदी ओलांडून यायची. मग बाजारात सुपारीच्या वाट्यावरून दोन पोरांचं भांडण जुंपलं. मिरांकुंच्या पोराच्या हातात रताळं सोलायची सुरी होती, आणि गोंदाकुंचा पोरगा तिथेच गेला. त्यानंतर चार वर्षं लढाई. दोन्हीकडची घरं जळली, कॉफीची झाडं तुटली, नदीवरचा दोराचा पूल कापला गेला. वेनाला मुलगी झाली ती याच काळात. आग्लुआने नातीला पाहिलं नव्हतं. एकदा मोबाइलवर तिचं रडणं तेवढं ऐकलं होतं. मग बॅटरी संपली.

आजच्या जेवणाने लढाई मिटायची होती. मिरांकुंनी डुकरं द्यायची, गोंदाकुंनी ती इथेच बसून खायची. एकत्र खाल्लं की वाट मोकळी. एकच अट दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी घातली होती, आणि त्या म्हाताऱ्यांत आग्लुआही होता. मैदानावर लोखंड येणार नाही. मैदानाच्या कडेने लाल पानांची झुडपं लावली होती. ती हद्द. कुऱ्हाडी, कोयते, बंदुका, सगळं हद्दीबाहेर पडलं होतं. सुऱ्यांचं मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आग्लुआच्याही नाही.

टेकडीवर माणसं दिसायला लागली. डोक्यावर पिसं, अंगाला डुकराची चरबी, पुढे ढोल. निम्मी वाट उतरली आणि ढोल थांबले. उतरणारी रांग जागच्या जागी उभी राहिली. मग पुढचे बसले, त्यांच्यामागचे बसले, आणि बघता बघता सगळी टेकडी खाली बसली.

"दमले काय?" कोणीतरी म्हणालं.

कोणी दमलं नव्हतं. एक म्हातारा एकटाच काठी टेकत खाली आला आणि लाल झुडपांपाशी थांबला. आत पाऊल टाकेना. तो वाउगा होता, गोंदाकुंचा मोठा. बाजारात गेलेला पोरगा त्याचाच पुतण्या.

"ते काय उभं केलंय?" त्याने काठी केळीच्या खोडाकडे रोखली.

"सुऱ्या आहेत, बाबा," ओटो पुढे झाला. "मांस कापायला. तुमच्यासाठीच नव्या आणल्यात."

"माझा पुतण्या कशाने मेला?"

ओटो एक पाऊल मागे सरला. शेकोटीत बांबूचं एक पेर फुटलं.

आग्लुआ उठला. "वाउगा, चूक झाली. पोराची नाही, आमची. आम्ही कुऱ्हाडी मोजल्या, सुऱ्या विसरलो."

"विसरलात ते दिसलं. टेकडीवरून दिसलं. माझ्या भावजयीने, त्या पोराच्या आईने, पाहिलं आणि ती तिथेच बसली."

"काढतो आम्ही. आत्ता काढतो."

"काढा. आणि डुकरं?"

"डुकरं बाहेर नेऊन फोडू, बाबा," ओटो घाईघाईने म्हणाला. "झुडपांच्या पलीकडे. मग आत आणू."

दोन्ही म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे एकाच नजरेने पाहिलं. मांडलेलं डुक्कर मैदानाबाहेर गेलं की ते परत घेतलं, असा अर्थ होतो. त्यावरून जुन्या काळी लढाया झाल्या होत्या.

वाउगाने मान वर केली. मैदानाच्या उगवतीला केवड्याचं एक उंच झाड होतं. "सूर्य त्या शेंड्यावर येईपर्यंत मांस तापल्या दगडांच्या खड्ड्यात गेलेलं दिसलं तर आम्ही उतरू. त्याहून उशीर झाला तर शिजायला अंधार पडेल, आणि अंधारात मी माझ्या बायकापोरांना तुमच्या वाटेने नेणार नाही. आम्ही परत जाऊ."

"आणि पुन्हा कधी?" आग्लुआने विचारलं.

"पुन्हा मी विचारणार नाही," वाउगा म्हणाला आणि वळून चढायला लागला.

सुऱ्या पेटीत गेल्या, पेटी झुडपांबाहेर गेली. पोरांनी खिसे तपासले, चाव्या काढल्या, पट्टे काढले. ओटो रडवेल्या आवाजात म्हणाला, "माझ्या पँटची चेन लोखंडाची आहे!"

"ती तेवढी राहू दे," आग्लुआ म्हणाला. "सगळ्यांवर उपकार होतील."

त्याने जुडग्याची गाठ सोडली. पहिल्या डुकरापाशी गुडघे टेकले, एक सुरी निवडली, अंगठ्याने तिची कड चाचपली. भोवती वीस-पंचवीस माणसं गोळा झाली. त्यातल्या निम्म्यांनी बांबूची सुरी कामात कधी पाहिलीच नव्हती.

"काका, डुकराचं कातडं आहे ते," ओटो म्हणाला. "केळ्याचं साल नाही."

आग्लुआने सुरी गळ्याखाली टेकवली आणि सरळ पोटावरून शेपटीपर्यंत ओढली. जोर लावला नाही. कातडं आपोआप दोन बाजूंना झालं, खाली पांढरी चरबी उघडी पडली, आणि आतड्याला ओरखडासुद्धा नाही. कोणीतरी टाळूला जीभ लावून टक् असा आवाज केला.

"बघा आता," तो म्हणाला, आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज जुन्यासारखा झाला. "ही दाबायची नाही, ओढायची. दाबली की मोडते. चरबीत लोखंड घसरतं, ही घसरत नाही. हाडाच्या वाटेला जायचं नाही. हाड तिला जमत नाही, ती काही लपवत नाही. सांधा शोधायचा. इथे बोट घाला. लागला? या खाचेत टोक घाला, फिरवा."

मागचा पाय सुटून त्याच्या हातात आला. कापलेली जागा गुळगुळीत होती.

"विकत केवढ्याला?" मागून एकाने चेष्टेने विचारलं.

"नदीकाठी बांबूचं बेट आहे, फुकट उगवतं. ओटो, पळ! कोयते बाहेरच पडलेत, हद्दीबाहेर चालतील. पातळ सालीचा बांबू, हिरवा असला तरी चालेल, माझ्या हातभर लांब पेरं. चिरून इकडे आण. तोवर या अकरांवर भागवतो."

ओटो पळाला. आग्लुआने दहा सुऱ्या दहा जणांच्या हातात दिल्या. दोघांनी पहिल्याच झटक्यात दाबलं, त्यांच्या पाठीत धपाटे घालून त्याने हात धरून शिकवलं. काम लागलं. पाच डुकरं उघडली, सात उघडली. सूर्य अजून केवड्याच्या बुंध्याच्या जरा वर होता.

आठव्या डुकराला सुऱ्या अडखळायला लागल्या.

"काका, हिची धार गेली."

"माझीही."

"धार लावा ना, काका."

आता धार लावायची म्हणजे काय, हे आग्लुआला चांगलं ठाऊक होतं. बांबूच्या सुरीला दगड नको, कानस नको. कडेच्या टोकाला दात रुतवायचे, एक बारीक चोय, सालीची दोऱ्यासारखी पट्टी, पकडायची आणि सरकन सोलून काढायची. खाली नवी कड निघते, पहिल्याहून तिखट. एकेका सुरीला वीस-वीस वेळा अशी धार येते. क्षणभर वेळ लागतो. दात मात्र लागतात.

आणि आग्लुआला चार दात होते. दोन वर डावीकडे, दोन खाली उजवीकडे. सुपारी आणि चुन्याने बाकीचे नेले त्याला आठ वर्षं झाली होती.

आठ वर्षं त्याच्या सुऱ्यांना धार लावत होती त्याची बायको डामा. घरात, दार लावून. बाहेर कोणालाही पत्ता नव्हता. डुक्कर फोडणं पुरुषांचं काम. बायका ओढ्यावर आतडी धुतात, मांस कापायच्या जागी त्या पाय ठेवत नाहीत, आणि मोठ्या जेवणात फोडणाऱ्याच्या सुरीला बाईने तोंड लावलं असं कळलं, तर त्या माणसाला पुढे कोण विचारणार? डामा कधी बोलली नाही. चारचौघांत कोणी त्याच्या सुऱ्यांचं कौतुक केलं की ती दुसरीकडे बघून गालातल्या गालात हसायची, तेवढंच.

"द्या इकडे," तो म्हणाला. सुरी तोंडात घातली, हिरड्यांत धरली, ओढली. सुरी निसटली. पुन्हा धरली. हिरडी फाटून तोंडात रक्ताची चव आली. चोय काही निघाली नाही. माणसं बघत होती. कोणी हसलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

त्याने मान वर केली. टेकडीवर एक बाई उभी होती. बाकी सगळे बसलेले, ती उभी. तिच्या पाठीवरच्या विणलेल्या झोळीतून काहीतरी लाल डोकावत होतं. टोपी असेल पोरीची. चेहरा एवढ्या लांबून दिसत नव्हता, पण एका पायावर भार टाकून उभं राहायची ती ढब त्याला ओळखीची होती. तिच्या आईचीच ढब.

आग्लुआ उठला, ओढ्याच्या बाजूला तोंड केलं आणि छाती फुटेल एवढ्याने हाक मारली. ती हाक टेकडीवर गेली, आणि दरीतल्या प्रत्येक मिरांकुने आणि प्रत्येक गोंदाकुने ऐकली.

"डामा! वर ये! मला दात नाहीत! तुझे आण!"

ओढ्यावरच्या बायका थिजल्या. डामा आतड्यांनी भरलेली पाटी तशीच टाकून, ओले हात घागऱ्याला पुसत वर आली. कापायच्या जागेच्या कडेला थांबली.

"आत येऊ?" तिने हळूच विचारलं.

"ये म्हटलं ना."

"सगळे बघतायत, म्हाताऱ्या."

"बघू देत. वेना पण बघतेय. ती तिकडे उभी आहे."

डामाने टेकडीकडे एकदा पाहिलं. मग मांडी घालून बसली, पहिली सुरी उचलली, बाजूच्या दातांनी टोक पकडलं आणि मान झटकली. लांबलचक चोय निघून आली. तिने ती थुंकली आणि सुरी पुढच्या माणसाला दिली. त्याने डुकरावर ओढली आणि ओरडला, "अरे! ही तर आधीपेक्षा भारी!"

"आठ वर्षं भारीच होती," डामा दुसरी सुरी उचलत म्हणाली. "नाव याचं, दात माझे."

मग हशा उठला. मोठा, मोकळा. आग्लुआही त्यात हसला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, आणि हसल्यावर त्याला हलकं वाटलं.

तेवढ्यात ओटो खांद्यावर हिरव्या बांबूचा भारा घेऊन धापा टाकत आला. साठ-सत्तर चिरलेली पेरं. "घ्या! काय राहिलं?"

"चावायचं राहिलंय," डामा म्हणाली. "दात दाखव. आहेत की चांगले! बस इथे. एवढ्या वर्षांत हसण्याशिवाय दुसरा काही उपयोग केला नाहीस त्यांचा."

ओटोने चावलं आणि पहिल्याच झटक्याला ओठ कापून घेतला.

"पुढच्या दातांनी नाही, बाळा. बाजूच्या. आणि ओठ आत ओढ, म्हातारीसारखा."

एकटीने भागणार नव्हतं. आग्लुआने पुन्हा ओढ्याकडे तोंड केलं, पण हाक मारायची गरज उरली नव्हती. बायका आधीच चढावर होत्या. ज्यांनी सुपारी कमी खाल्ली होती त्या सगळ्या येऊन एका ओळीत बसल्या. समोर पुरुष कापत होते, मागे बायका चावत होत्या, आणि सुऱ्या हातोहात पुढे-मागे फिरत होत्या. हिरव्या बांबूची धार लवकर जायची, पण नवी यायलाही वेळ लागत नव्हता. एक मोडली की शेकोटीत टाकायची, दुसरी घ्यायची. पंधरा डुकरं झाली. वीस झाली. आग्लुआ या टोकापासून त्या टोकापर्यंत गुडघ्यांवर रांगत होता. इथे सांधा दाखव, तिथे मनगट सैल कर म्हणून सांग. कणा हाडाचा असतो, तिथे तो लाकडी पाचर आणि दगड घेऊन स्वतः बसायचा. चरबीने त्याचे हात कोपरापर्यंत माखले होते.

"सव्वीस!" ओटो मोजत होता. त्याच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं आणि तोंड भरून चोया होत्या. "काका, सूर्य!"

सूर्य केवड्याच्या पानांत शिरला होता.

"सूर्याकडे बघू नको, डुकराकडे बघ!"

तापलेले दगड खड्ड्यांत पडले, वर केळीची पानं, त्यावर मांस, नेच्याची पालेभाजी, रताळी, पुन्हा पानं. एकतीस. शेवटचं डुक्कर सगळ्यांत मोठं होतं, दात सुळ्यांसारखे बाहेर आलेले. मानेचं कातडं बोटभर जाड. आग्लुआने जुन्या अकरांतली शेवटची शिल्लक सुरी डामाकडे दिली. तिने दात रुतवले, मान झटकली, आणि कट्‌ असा आवाज झाला. चोय निघाली. तिने ती थुंकली, तिच्याबरोबर आणखी काहीतरी थुंकलं, पण सुरी पुढे केली.

"घे. बघत काय बसलास?"

त्याने सुरी ओढली. एका दमात, गळ्यापासून शेपटीपर्यंत. आठ हातांनी मांस उचललं, खड्ड्यात गेलं, पानं पडली, माती पडली. वाफेचा एक पांढरा लोट सरळ वर गेला.

सूर्य केवड्याच्या शेंड्याच्या दोन बोटं खाली होता.

सगळे टेकडीकडे बघत होते. आणि तिकडे एक ढोल वाजला. मग दुसरा. सगळी टेकडी उठून उभी राहिली आणि गाणं म्हणत खाली यायला लागली. मिरांकुंची पोरं नाचायलाच लागली, चरबीच्या हातांनी एकमेकांना मिठ्या मारायला लागली. ओटो कापलेल्या ओठांनी शिट्टी मारायचा प्रयत्न करत होता आणि नुसतं फूस होत होतं.

वाउगा लाल झुडपांपाशी आला. या वेळी थांबला नाही. सरळ आत आला आणि आग्लुआसमोर हात पुढे केला. "दाखव."

आग्लुआने सुरी दिली. वाउगाने कड अंगठ्यावर घासली, उजेडात धरली. "तुझ्या बापाची अशीच होती. नंतर काय करता यांचं?"

"जाळतो. मांस खाल्लं की सगळ्या शेकोटीत."

"मागे काही राहत नाही?"

"राख राहते."

वाउगाने मान हलवली. वळून त्याने आपल्या भावजयीला हाक मारली. ती बिचकत आत आली. त्याने सुरी तिच्या हातात ठेवली. तिने ती उलटून पालटून बघितली, कडेवरच्या दातांच्या खुणांवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग खड्ड्याजवळ, जिथे पाहुण्यांतली मोठी माणसं बसतात, तिथे जाऊन बसली. सुरी तिने मांडीवर ठेवली. पहिला तुकडा तीच कापणार होती.

"आई!"

गर्दीतून वेना धावत आली. आग्लुआ पुढे झाला, पण ती त्याला ओलांडून डामाच्या गळ्यात पडली. मग मागे होऊन आईचं तोंड निरखलं आणि दचकली. "आई, तुझा दात?"

डामाने जिभेने जागा चाचपली. वरचा बाजूचा दात गेला होता. रक्त येत होतं आणि ती हसत होती.

"बत्तिसावं डुक्कर खाऊन गेलं," ती म्हणाली.

"मी वरून सगळं बघितलं," वेना म्हणाली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बाबांची हाक आमच्या सासूने पण ऐकली. म्हणाली, असा ओरडणारा नवरा मिळायला हवा होता."

"आठ वर्षं उशीर केला ओरडायला," डामा म्हणाली.

वेनाने पाठीवरची झोळी पुढे घेतली. लाल टोपीखालून एक तीन वर्षांची पोर टकामका बघत होती. आग्लुआने हात पुढे केले, मग चरबीने माखलेले बघून मागे घेतले. पोरीने मात्र त्याच्या तोंडात बोट घातलं, एकेक करून चारही दात चाचपले, मग आजीच्या तोंडातली नवी खिंड बघितली आणि खदखदून हसली.

"हसतेय बघ," आग्लुआ म्हणाला. "दात बघ केवढे! हिला सुऱ्या शिकवायच्या."

"आधी जेवू दे तिला," डामा म्हणाली आणि पोर त्याच्या चरबीभरल्या हातांत देऊन टाकली.